घरच्या पार्किंगमध्ये वर्कशॉप: आधी जमीन, मग वीज, मशीन सगळ्यात शेवटी

घरच्या पार्किंगमध्ये छोटं वर्कशॉप लावणारे बहुतेक लोक उलट्या टोकानं सुरुवात करतात. आधी सेलमध्ये ग्राइंडर येतो, मग ड्रिल, मग कटर. मशीन ठेवायला जागा नाही म्हणून टेबल येतं. टेबलाजवळ बोर्ड नाही म्हणून एक्स्टेन्शन ओढलं जातं. दोन पावसाळे गेले की कोबा फुगतो, टेबलाचा एक पाय हवेत जातो आणि सगळं अंगणात काढून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. या खेळात पैसे जातातच, पण त्याहून जास्त उत्साह जातो.

जमिनीत आणि भिंतीत जाणारं काम एकदाच होतं, ते आधी करा. हलवता येणारं सगळं नंतर. खाली दिलेला क्रम सोलापूरची माती, ऊन आणि पाणी धरून लावला आहे. सगळं एका वर्षात करायचं नाही. चार-पाच वर्षं लागली तरी चालतील, क्रम मात्र मोडू नका.

टप्पा १: कामाची वही आणि खडूचा नकाशा

काहीही विकत घेण्याआधी एक वही करा. महिना-दोन महिने घरात निघालेलं प्रत्येक काम तीत लिहा: गेटची बिजागरी, मुलाचं टेबल, कूलरचा स्टँड, स्कूटरची सर्व्हिसिंग. तुम्ही लाकूडवाले आहात, लोखंडवाले आहात की गाडीवाले, हे या वहीतूनच कळतं. तिघांची जागा वेगळी, वायरिंग वेगळं, टेबलही वेगळं. मनातल्या मनात प्रत्येक जण तिन्ही असतो. वही खरं काय ते सांगते.

मग जागा मोजा. जुळे सोलापुरातल्या रो-हाउसची पार्किंग १० बाय १८ फुटांची धरली, तर गाडी आत असताना एका बाजूला जेमतेम तीन फूट उरतात. हे कागदावर न काढता फरशीवर खडूनं काढा. गाडी लावा, तिचे दरवाजे उघडा, उघड्या दरवाजाच्या रेषा ओढा. मग टेबलाची जागा आखा आणि तिथं उभं राहून वाकून पाहा.

प्लायवूडचा अख्खा ताव ८ बाय ४ फुटांचा असतो. टेबल सॉवर, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीवर, तो लांबीनं कापायचा तर पात्याच्या आधी आठ आणि नंतर आठ फूट मोकळे लागतात. १८ फुटांच्या जागेत हे फक्त शटर उघडं ठेवूनच जमतं. म्हणून सुरुवातीची वर्षं ताव दुकानातच कापून आणा, किंवा जमिनीवर थर्माकोल अंथरून त्यावर ठेवून कापा.

*तपासून पाहा:* घर भाड्याचं असेल किंवा पार्किंग सोसायटीची असेल, तर लेखी परवानगीशिवाय टप्पा २ सुरू करू नका. दुपारी एक ते चार गल्ली झोपलेली असते, हेही गणितात धरा. त्या वेळात कानस चालते, ग्राइंडर नाही.

*सावधान:* पैसे घेऊन बाहेरची कामं करणार असाल तर घरगुती मीटरवर चालत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि वाढीव बिल येतं. शेजाऱ्याची खुर्ची दुरुस्त करून देणं वेगळं, पाटी लावणं वेगळं.

टप्पा २: जमीन

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात आणि नंतर त्या दुरुस्त होत नाहीत, म्हणून इथं जरा थांबतो.

सोलापूरच्या बऱ्याच भागात घराखाली काळी माती आहे. ती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जी माती मानवते ती कोब्याला मानवत नाही. जागच्या जागी माती चोपून वर चार इंच काँक्रीट टाकलं, तर पहिल्या वर्षी सगळं छान दिसतं. दुसऱ्या भाद्रपदात मधोमध उंचवटा येतो, तिसऱ्या चैत्रात भिंतीलगत भेग पडते.

नवीन जमीन करायची असेल तर क्रम असा:

१. काळी माती मुरूम लागेपर्यंत काढा. मुरूम फार खोल असेल तर निदान दोन फूट तरी काढाच.
२. बाहेरून आणलेला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत भरा. प्रत्येक थराला पाणी मारून धुमस करा. दोन फूट भर एकदम टाकून वरून चोपली तर फक्त वरचा थर बसतो.
३. त्यावर दगडाचं सोलिंग, म्हणजे दगड रचून केलेला थर, फटी मुरमानं बुजवून.
४. मग १:४:८ चं (सिमेंट, वाळू, खडी) तीन-चार इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट.
५. वर एम-२० या मजबुतीच्या दर्जाचं चार इंच काँक्रीट. भिंत आणि काँक्रीट यांच्यामध्ये अर्धा इंच थर्माकोलची पट्टी उभी ठेवा, म्हणजे जमीन हलली तरी भिंतीला ओढत नाही. साधारण दहा फुटांवर एक सांधा सोडा.
६. शटरच्या दिशेनं १०० ला १ उतार. १८ फुटांत तो साधारण दोन इंच होतो.

गवंड्याला उतार सांगितला की तो हमखास जास्तच देतो. गाडी धुण्यापुरतं ते ठीक, पण टेबल आणि ड्रिल मशीनच्या जागेला उतार नकोच. मागच्या भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी सपाट ठेवायला सांगा आणि स्वतः पाणसळ घेऊन उभे राहा. काँक्रीट ओलं असतानाच हे बदलता येतं.

आतली पातळी रस्त्यापेक्षा निदान सहा इंच वर हवी. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर येतो. रस्ता वर चढतो आणि पार्किंग खड्ड्यात जाते.

काम कधी काढायचं? दिवाळी झाल्यावर ते जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सुरू होण्याआधी. एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या वरच्या उन्हात टाकलेलं काँक्रीट घट्ट होण्याआधीच सुकतं आणि वर केसासारख्या भेगा पडतात. उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर संध्याकाळी टाका आणि लगेच ओलं गोणपाट अंथरा. निदान दहा दिवस आळं करून पाणी साठवून ठेवायचं असतं, आणि आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. म्हणून आधी टाकी भरून घ्या, टँकरची सोय लावा, मग मिस्त्रीला तारीख द्या. "पाणी येईल तेव्हा मारू" म्हणून केलेला कोबा ग्राइंडरखाली दोन वर्षांत भुकटी सोडायला लागतो.

जुनाच कोबा वापरायचा असेल तर सहा फुटांची सरळ अॅल्युमिनियम पट्टी त्यावर चारी दिशांना ठेवून पाहा. पट्टीखालून उजेड कुठं दिसतो ते खडूनं आखा. भेगेच्या दोन्ही काठांची उंची सारखी असेल तर ती भरून भागतं. एक काठ वर आणि एक खाली असेल तर खालची माती हलते आहे. अशा वेळी वरून कितीही लेप लावला तरी तो पैसा पाण्यात. आधी पाणी कुठून मुरतंय ते शोधा. बहुधा भिंतीबाहेरची बाग, गळका चेंबर किंवा वॉशिंग मशीनचा मोकळा सोडलेला पाइप सापडतो.

शहाबादी फरशी आपल्याकडं जवळून येते, स्वस्त पडते, सुटी असल्यानं फुटली तर एकच बदलता येते. लाकूडकामाला ती उत्तम. पण तो चुनखडीचा दगड आहे. बॅटरीचं अॅसिड सांडलं की फेस येऊन खड्डा पडतो आणि गॅस कटरच्या ज्वाळेखाली तिचे टवके उडतात. लोखंडकाम करणाऱ्यानं त्या कोपऱ्यात साधा कोबाच ठेवावा. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल मात्र कोणीच लावू नये. त्यावर लाकडाचा भुसा पडला की पाय सटकतो, आणि हातोडा पडला तर टाइल जातेच.

टप्पा ३: छप्पर, शटर, वारा

वर स्लॅब असेल तर पत्र्याचा भाग सोडून पुढं वाचा. पत्रा असेल तर मेमध्ये दुपारी आत थांबता येत नाही, आणि डिंक, रंग, पॉलिश यांचंही काही खरं नाही. पत्र्याला वरून पांढरा उष्णतारोधक रंग द्या आणि खाली सहा इंचांची हवेची पोकळी ठेवून सिलिंग करा. थर्माकोलचं सिलिंग करू नका, ठिणगीनं ते पेटतं. सिमेंट बोर्ड किंवा जिप्सम घ्या.

एक्झॉस्ट फॅन मागच्या भिंतीत उंचावर लावा आणि हवा आत यायची जागा समोर खाली ठेवा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तर फॅन तीच हवा फिरवत राहतो. शटरच्या तळाला रबरी पट्टी लावा. उन्हाळ्यातल्या वावटळीत शटरखालून जी माती येते ती मशीनच्या प्रत्येक सांध्यात बसते.

सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल आणि शेजारी कापडाचे माग चालत असतील, तर खिडकीला बारीक जाळी हवीच. कापसाचं तूस ग्राइंडरच्या आणि ड्रिलच्या झरोक्यात साठतं, त्यानं मोटर तापते, आणि कोपऱ्यात साठलेला त्याचा थर एका ठिणगीत धरतो.

टप्पा ४: वीज

घराच्या हॉलमधल्या बोर्डवरून वायर ओढून वर्कशॉप चालवू नका. मीटरजवळून स्वतंत्र लाइन घ्या आणि वर्कशॉपचा डिस्ट्रिब्युशन बोर्ड वेगळा ठेवा, शटरच्या आत, उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर. काही घडलं तर पळत येणाऱ्याच्या हाताला तो पहिल्यांदा लागला पाहिजे.

वायरमनला सांगायचं ते असं:

- मीटरपासून बोर्डापर्यंत ६ चौरस मिमी तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा मेन.
- त्यानंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा खटका. हा माणूस वाचवतो. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की पडणारा खटका, फक्त वायर वाचवतो. दोन्ही लागतात.
- दिव्यांना १.५ चौरस मिमी आणि ६ अँपिअरचा एमसीबी. दिव्यांचं सर्किट वेगळंच हवं. मशीन ट्रिप झालं आणि अंधारात पातं फिरतंय, असा प्रसंग यायला नको.
- सॉकेटना २.५ चौरस मिमी आणि १६ अँपिअर.
- वेल्डिंग किंवा कॉम्प्रेसरसाठी ४ चौरस मिमीची एक स्वतंत्र लाइन, २० ते २५ अँपिअर. वेल्डिंग मशीन पुढच्या पाच वर्षांत येणार नसलं तरी ही वायर आत्ताच पाइपातून घालून ठेवा. भिंत पुन्हा फोडणं तिच्यापेक्षा महाग पडतं.
- मोटरच्या लाइनवर सी प्रकारचा एमसीबी. बी प्रकारचा लावला तर मोटर सुरू होतानाच तो पडतो. मग वैतागून कोणीतरी मोठा एमसीबी लावतो आणि वायर जळते.

सॉकेट टेबलाच्या वरच्या फळीपासून चार इंच वर भिंतीत लावा, टेबलाच्या कडेला खाली नको. भुसा आणि लोखंडाचा कीस खालच्या सॉकेटमध्ये भरतो. दर चार फुटांवर एक सॉकेट दिला तर एक्स्टेन्शनची गरजच पडत नाही. तरीही एक्स्टेन्शन वापरायचं असेल तर रीळ पूर्ण उलगडून. गुंडाळलेल्या वायरीवर वेल्डिंग चालवलं तर आतलं वेष्टण वितळतं आणि बाहेरून काही दिसत नाही.

*अर्थिंग:* इथं फसवणूक सर्रास होते. स्वतंत्र अर्थिंग करायच्या ऐवजी बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारे आहेत. टेस्टर लावला तर सगळं बरोबर दिसतं. पण न्यूट्रल कुठं तुटला की ड्रिल प्रेसच्या लोखंडी बॉडीत पूर्ण करंट येतो. वर्कशॉपसाठी अर्थिंगचा खड्डा स्वतंत्र करून घ्या आणि अर्थ टेस्टरनं मोजलेला आकडा मागा. पाच ओहमच्या आत असेल तर ठीक. काळी माती ओली असताना चांगली अर्थ देते. उन्हाळ्यात ती भेगाळून पाइपापासून सुटते आणि आकडा चढतो. म्हणून खड्ड्यावर झाकण आणि नरसाळं ठेवा, आणि मार्च ते जून आठवड्याला एक बादली पाणी ओता.

*तपासून पाहा:* मशीन चालू असताना सॉकेटवर व्होल्टेज मोजा. बंद असताना २३० आणि चालू केल्यावर २०० च्या खाली जात असेल तर वायर बारीक आहे किंवा सांधा ढिला आहे. रात्री गल्लीतले सगळे कूलर चालू असतानाही एकदा मोजा. कमी व्होल्टेजवर मोटर गुरगुरते, तापते आणि हळूहळू मरते. दुकानदार मात्र मशीनला दोष देतो.

बिलावरचा मंजूर भारही पाहून ठेवा. २.५ मिमीची वेल्डिंगची काडी ७० ते ९० अँपिअरवर चालते, तेव्हा इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन मेनमधून साधारण पंधरा अँपिअर खेचतं. ३.१५ ची काडी लावली की तो आकडा वीसच्या आसपास जातो. वर एसी आणि गीझर चालू असेल तर काय होईल, हे आधीच मोजलेलं बरं.

उजेडाचं थोडक्यात: एका मोठ्या दिव्यापेक्षा चार फुटी एलईडी ट्यूब तीन-चार लावा. त्यांतली एक टेबलाच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर हवी. दिवा पाठीमागे असला तर कामावर आपलीच सावली पडते. जुनी चोकवाली ट्यूब फिरत्या मशीनवर लावू नका. तिच्या लुकलुकण्यानं फिरतं पातं थांबल्यासारखं दिसू शकतं.

टप्पा ५: कामाचं टेबल

पहिलं टेबल विकत घेऊ नका, बनवा. ते बनवताना कोणती हत्यारं खरंच लागतात तेही कळतं.

उंची: सरळ उभे राहा, हात मोकळे सोडा, मनगटाच्या घडीपर्यंत मोजा. साधारण ३३ ते ३६ इंच येतं. रंधा मारणाऱ्याला थोडं खाली लागतं. कानस चालवणाऱ्यासाठी व्हाइसचे (काम पकडून ठेवणाऱ्या शिकंज्याचे) जबडे कोपराच्या उंचीला आले पाहिजेत.

सांगाडा ४० बाय ४० बाय ५ मिमी अँगलचा, मधे आडवे-तिरपे आधार. वर १८ मिमी प्लायचे दोन थर एकमेकांना स्क्रूनं जोडून. प्लाय आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तग धरणारा, घेतला तरी पुरे. आयएस ७१० चा मरिन प्लाय इथं उगाच खर्च आहे. सगळ्यात वर हार्डबोर्डचा पातळ पत्रा, फक्त चार स्क्रूवर. तो खराब झाला की उलटा करा, मग बदला.

व्हाइस टेबलाच्या मधोमध लावणारे खूप दिसतात. व्हाइस पायाच्या बरोबर वर लावा, म्हणजे घणाचा मार थेट जमिनीत जातो. मागचा जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित बाहेर आला पाहिजे, नाहीतर लांब पाइप उभा धरता येत नाही. व्हाइस जुना घ्यायला हरकत नाही, आपल्याकडं भंगारात चांगले मिळतात. तो पूर्ण बंद करून जबड्यांमधून उजेड पाहा. मग अर्धा उघडून पुढचा जबडा वर-खाली हलवा. थोडी हालचाल चालते, टक्क आवाज येत असेल तर सोडून द्या. वेल्डिंग करून जोडलेला ओतीव व्हाइस कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

टप्पा ६: ठेवण

जमिनीवर काही ठेवायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी अर्धं काम होतं. लाकडाचा रॅक भिंतीपासून दोन इंच सुटा ठेवा, खालचा खण जमिनीपासून फूटभर वर. वाळवी भिंतीला चिकटूनच चढते, आणि मधे फट असली की तिची मातीची नळी लगेच डोळ्यांत भरते.

ड्रॉवर बनवणार असाल तर महिना पाहा. मेच्या कोरड्या हवेत नेमकं बसवलेलं लाकडी ड्रॉवर सप्टेंबरच्या पावसात अडकतं. उन्हाळ्यात बनवताना उंचीत दोन मिमी फट सोडा.

हातहत्यारांवर पावसाळ्याआधी शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा. उरलेले आठ महिने सोलापूरची हवाच काळजी घेते. कोकणातल्या लोकांना आपला हेवा वाटेल अशी ही एकच गोष्ट.

टप्पा ७: हातहत्यारं

यावर फार लिहायची गरज नाही. मोजायची आणि आखायची हत्यारं सगळ्यात चांगली घ्या: पट्टी, गुण्या (काटकोन पाहायचा), व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचा), पाणसळ. गुण्या दुकानातच तपासा. सरळ कडेला लावून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक बसल्या तरच पैसे द्या.

बाकी पाने, पक्कड, पटाशा, कानशी, करवत हे काम निघेल तसं एकेक घ्या. १०१ नगांची पेटी घेऊ नका. तिच्यातले वीसच वापरात येतात आणि नेमका लागणारा पाना तिच्यात नसतो.

टप्पा ८: मशीन येण्याआधी आगीचा बंदोबस्त

लाकूड आणि लोखंड एकाच खोलीत करायचं असेल तर एकाच दिवशी करू नका. ग्राइंडरची ठिणगी भुशात पडली की ज्वाळा दिसत नाही. भुसा आतल्या आत धुमसतो आणि तुम्ही शटर ओढून जेवायला गेल्यावर पेटतो. ग्राइंडिंग आणि वेल्डिंग संपलं की निदान अर्धा तास तिथंच थांबा. झाडलोट, हत्यारं पुसणं ही कामं त्या वेळेसाठीच राखून ठेवा.

- गाडी आणि स्कूटर बाहेर काढल्याशिवाय ठिणगीचं काम नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. शिवाय ठिणग्या गाडीच्या काचेत रुतून बसतात आणि ते डाग निघत नाहीत.
- जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकते. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.
- थिनर आणि टर्पेंटाइन पत्र्याखाली साठवू नका. लागेल तेवढंच आणा.
- चार किंवा सहा किलोचं एबीसी पावडरचं, म्हणजे लाकूड, तेल, गॅस अशा सगळ्या आगींना चालणारं, अग्निशामक दाराजवळ टांगा. वेल्डिंगच्या कोपऱ्यात टांगलं तर आग लागल्यावर तिथं जाणार कोण?

टप्पा ९: मशीन, एकेक करून

नियम साधा ठेवा: एखादं काम तिसऱ्यांदा बाहेर न्यावं लागलं की त्याचं मशीन घ्यायचं. टप्पा १ ची वही इथं पुन्हा उघडा. साधारण क्रम असा पडतो: हातातलं ड्रिल, चार इंची ग्राइंडर, टेबलावरचं ड्रिल मशीन. मग लोखंडवाल्यानं वेल्डिंग घ्यावं, लाकूडवाल्यानं सर्क्युलर सॉ. कॉम्प्रेसर आणि टेबल सॉ सगळ्यात शेवटी. मोठं मशीन चाकांवर बसवा, दोन चाकं ब्रेकवाली. गाडी आत घ्यायची तर सगळं भिंतीला सरकलं पाहिजे.

*ग्राइंडर:* चाकाच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते पाहून घ्या. चाकावर लिहिलेले मिनिटाचे फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असले पाहिजेत. नवीन चाक लावल्यावर ते आपल्यापासून दूर धरून अर्धा मिनिट रिकामं फिरवा.

*सावधान:* गार्ड काढून ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावू नका. बाजारात ते मिळतं, प्लंबरपासून सुतारापर्यंत सगळे लावतात, आणि पातं अडकलं की मशीन उसळून मांडीवर किंवा तोंडावर येतं. या एका गोष्टीला "जपून केलं तर चालतं" हे उत्तर नाही.

*ड्रिल मशीन:* पट्टा बदलून वेग बदलणारं घ्या. साध्या लोखंडात १० मिमीच्या ड्रिलला ८०० च्या आसपास फेरे पुरतात, ६ मिमीला १३०० च्या आसपास. एकाच वेगावर सगळं केलं तर ड्रिलचं टोक निळं पडतं आणि मग आपण ड्रिलच्या नावानं खडे फोडतो. हातमोजे घालून ड्रिल चालवू नका आणि कॉटन वेस्टनं फिरतं ड्रिल पुसू नका. एक धागा गुंडाळला की हात आत ओढला जातो.

*मागाची जुनी मोटर:* आपल्या गावातला हा खास मोह. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा भंगारवाल्याकडं मागाची एक एचपीची मोटर स्वस्तात मिळते. मोटर चांगलीच असते, तूस आत जाऊ नये म्हणून बंदिस्त असते, तांबंही भरपूर असतं. घरी आणल्यावर कळतं की ती थ्री फेजची आहे आणि आपलं मीटर सिंगल फेजचं.

म्हणून आधी मोटरवरची पाटी वाचा. व्होल्ट ४१५ आणि जोडणी स्टार असेल (आतली वेटोळी जोडायच्या स्टार आणि डेल्टा या दोन पद्धती असतात), शिवाय टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर असतील, तर ती डेल्टात जोडून सिंगल फेजवर चालून मोटरला थ्री फेज देणाऱ्या व्हीएफडी या उपकरणावरून पूर्ण ताकदीनं चालवता येते, आणि वेग कमी-जास्त करायची सोय वर मिळते. तीनच टोकं बाहेर असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून बाकीची तीन बाहेर काढून घ्यावी लागतात. पाटीवर ४१५ आणि डेल्टा असेल तर ती सोडून द्या, कारण त्या व्हीएफडीतून तिला हवा तेवढा व्होल्टेज मिळत नाही. कपॅसिटर लावून चालवून देतो म्हणणारे भेटतील. मोटर फिरते, पण ताकद बरीच घटते आणि भार आला की अडते. व्हीएफडी, रिवाइंडिंग आणि रिक्षाभाडं मिळवून पाहा. वेग बदलायची गरज नसेल तर नवी सिंगल फेज मोटर बहुतेक वेळा परवडते.

फेरेही पाहा. मागाच्या मोटरी ९६० किंवा १४४० फेऱ्यांच्या असतात. पॉलिशिंग किंवा बेल्ट सँडरला त्या पुलीनं जमवता येतात. पाटी घासून गेलेली मोटर घेऊ नका.

*कॉम्प्रेसर:* काम झालं की रोज टाकीखालचा नळ उघडून पाणी काढा. टाकी आतून गंजते आणि बाहेरून रंग तसाच राहतो. जुना कॉम्प्रेसर घेऊच नका.

टप्पा १०: वर्षाचं वेळापत्रक

*होळीनंतर:* अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सुरू करा. थिनर, स्प्रे, डिंक सावलीत हलवा. जड काम सकाळी नऊच्या आत.

*मृगाआधी:* शटरची रबरी पट्टी, पत्र्याचे स्क्रू आणि बाहेरची पन्हाळ पाहा. हत्यारांना तेल. भिंतीलगत पाणी साचू नये म्हणून बाहेरची माती उतरती करा.

*सप्टेंबरमध्ये:* कोब्यावरच्या जुन्या भेगांच्या टोकांना खडूनं तारीख टाका. पुढच्या वर्षी भेग खुणेच्या पुढं गेलेली दिसली तर परत टप्पा २ वाचा.

*दसऱ्याला:* हत्यारांची पूजा करताना सगळं खाली काढलेलंच असतं. त्याच दिवशी ग्राइंडरचे झरोके फुंकून घ्या, मुदत संपलेली चाकं मोडून टाका म्हणजे कोणी चुकून लावणार नाही, बोर्डातले ढिले स्क्रू मेन बंद करून आवळा, आणि अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का ते पाहा.

*दर महिन्याला:* आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. खटका पडला तर ठीक. पडला नाही तर मेन बंद करा आणि वायरमनला फोन करा. तोपर्यंत एकही मशीन लावू नका.